निळ्या पाटीवरचा पत्ता

इंग्लंडमधल्या मोटरवेवर गाडी धावत असताना डाव्या कडेला दर अर्ध्या किलोमीटरला एक निळी पाटी येते. तिच्यावर पिवळ्या अक्षरांत वर रस्त्याचा क्रमांक, त्याखाली इंग्रजीतले एकच अक्षर आणि तळाला दशांश चिन्ह असलेला आकडा. बाण नाही, गावाचे नाव नाही, आकडा मैलांत आहे की किलोमीटरमध्ये हेही लिहिलेले नाही. मोठे फलक बर्मिंगहॅम किती मैल, मँचेस्टर किती मैल हे सरळ सांगून टाकतात. ही पाटी कुठे जायचे ते सांगत नाही, गाडी या क्षणी कुठे आहे ते सांगते. सगळे सुरळीत चालू असताना त्याची गरज कोणाला पडणार? म्हणून वर्षानुवर्षे त्याच रस्त्याने कामाला जाणारी माणसेही तिच्याकडे लक्ष न देता निघून जातात.

नव्याने इंग्लंडात आलेल्या मराठी कुटुंबांनी मात्र ती आवर्जून शिकून घ्यावी. भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये पहिले १२ महिने मोटार चालवता येते. रस्त्याची डावी बाजू ओळखीचीच, त्यामुळे भाड्याची किंवा जुनी गाडी घेऊन पहिल्याच महिन्यात लेक डिस्ट्रिक्टला निघणारे तरुण पुष्कळ. खुद्द ब्रिटनमध्येही जून २०१८ पर्यंत शिकाऊ चालकांना मोटरवेवर जायला परवानगीच नव्हती, आणि आता आहे तीही मान्यताप्राप्त प्रशिक्षकासोबत आणि दुहेरी ब्रेक-क्लच असलेल्या गाडीतूनच. म्हणजे मोटरवेवर चालवणाऱ्या कितीतरी लोकांना, तिथले असोत की बाहेरून आलेले, तिथली भाषा कोणी बसवून शिकवलेलीच नसते.

या पाट्या आल्या मोबाइलमुळे. त्याआधी मोटरवेवर गाडी बंद पडली की चालक कडेच्या नारिंगी पेटीतला आपत्कालीन फोन उचलायचा. हा फोन फुकट असतो, थेट नियंत्रण कक्षात लागतो, आणि तो कोणत्या खांबावरून आला हे तिथल्या माणसाला आपोआप दिसते. पत्ता सांगण्याचा प्रश्नच नव्हता. मोबाइल खिशात आल्यावर लोक पेटीपर्यंत चालत जाईनासे झाले. गाडीपाशी उभे राहूनच फोन लावू लागले, आणि ‘तुम्ही नेमके कुठे आहात’ या पहिल्याच प्रश्नाला अडू लागले. चारी बाजूंना शेते, समोर सहा पदरी रस्ता, मागचा फलक वीस मिनिटांपूर्वी गेलेला. या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंडच्या महामार्ग खात्याने निळ्या पाट्या लावत नेल्या त्या ही अडचण ओळखून.

पाटीवरच्या तीन गोष्टींपैकी पहिली सोपी. एम १, एम ६, एम २५ हे रस्त्याचे नाव. तिसरी गोष्ट, म्हणजे आकडा, नजरेत भरतो. फोनवर राहून जाते ते मधले अक्षर, आणि मदत वेळेवर पोचण्याच्या दृष्टीने ते आकड्याइतकेच मोलाचे आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या अपघाताच्या बातम्या वाचणाऱ्याला हे लगेच कळेल. ‘पुणे लेनवर’, ‘मुंबई लेनवर’ हे शब्द त्या बातम्यांत असतातच. समृद्धी महामार्गावर तेच ‘नागपूर कॉरिडॉर’ आणि ‘मुंबई कॉरिडॉर’ होतात. नुसते किलोमीटर सांगून भागत नाही. गाडी दुभाजकाच्या कोणत्या बाजूला आहे हे सांगावे लागते, कारण बोरघाटात असो की बर्मिंगहॅमला, दुभाजक ओलांडून पलीकडे जाता येत नाही. इंग्लंडने यासाठी गावांच्या नावांऐवजी अक्षरे वापरली. ए म्हणजे ज्या बाजूने जाताना पाट्यांवरचे आकडे वाढत जातात ती वाहिनी. बी म्हणजे ज्या बाजूने ते उतरत जातात ती. लंडनहून निघणाऱ्या रस्त्यांवर ए ही लंडनपासून दूर नेणारी आणि बी ही लंडनकडे परत आणणारी वाहिनी असते. त्यामुळे एम १ वर उत्तरेकडे जाणारा माणूस ए वर असतो आणि एम ४ वर पश्चिमेला, ब्रिस्टलच्या दिशेने निघालेलाही ए वरच असतो. दिशा वेगळ्या, पण अक्षर एकच. म्हणून ए म्हणजे उत्तर असे पाठ करून ठेवू नये.

एम २५ वर तर पूर्व-पश्चिम हे शब्दच निरुपयोगी ठरतात. लंडनभोवती फिरणारा हा १८८ किलोमीटरचा वळसा १९८६ मध्ये पूर्ण झाला. तो जवळपास पूर्ण वर्तुळ असल्याने त्याच वाहिनीवरची गाडी दक्षिणेला सरेमध्ये पश्चिमेकडे धावते, हीथ्रोजवळ उत्तरेकडे आणि हर्टफर्डशरमध्ये पूर्वेकडे. इथे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाणारी वाहिनी ए आणि उलटी जाणारी बी. वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे ए ही वर्तुळाची बाहेरची बाजू होते. मँचेस्टरभोवतीच्या एम ६० वरही हाच नियम आहे. हीथ्रोवरून पाहुण्यांना आणायला जाणाऱ्या प्रत्येकाचा एम २५ शी संबंध येतोच, तेव्हा निदान एवढे मनात पक्के असावे.

ए आणि बी खेरीज जे, के, एल, एम ही अक्षरेही दिसतात. ती स्लिप रोडची, म्हणजे मोटरवेला जोडणाऱ्या उतार-चढाच्या रस्त्यांची. जे म्हणजे ए वाहिनीवरून बाहेर पडणारा रस्ता, के म्हणजे ए वर चढणारा, एल म्हणजे बी वरून बाहेर पडणारा आणि एम म्हणजे बी वर चढणारा. पाठांतराची आवश्यकता नाही. पाटीवर जे अक्षर आहे ते जसेच्या तसे सांगितले की नियंत्रण कक्षाला उमगते. जंक्शनच्या गुंत्यात गाडी अडकली तर हे अक्षर अधिकच उपयोगी, कारण तिथे चार-सहा रस्ते एकमेकांच्या वरखालून जातात आणि उपग्रहावरून घेतलेला ठिकाणाचा बिंदू नेमका कोणत्या पुलावर आहे हे ओळखणे अवघड असते.

एक जागा घोटाळ्याची आहे. ए १(एम) नावाचा एक जुना आणि मोठा रस्ता आहे. त्याच्या नावात ए आहे, एमही आहे. त्याच्या पाटीवर वर ‘ए १(एम)’ आणि खाली पुन्हा वाहिनीचे ‘ए’ किंवा ‘बी’ असते. घाईत बोलताना माणूस ‘ए वन’ म्हणतो आणि समजतो की ए सांगून झाले. तिथे रस्त्याचे नाव सांगून क्षणभर थांबावे आणि मग वाहिनीचे अक्षर वेगळे उच्चारावे.

आता आकड्याकडे. तो किलोमीटरमध्ये असतो आणि दशांशानंतरचा अंक म्हणजे शंभर शंभर मीटरचे टप्पे. ७८.५ ही पाटी गेली की पुढची ए वाहिनीवर ७९.० येणार आणि बी वर ७८.०. ज्या देशात वेगमर्यादा ताशी ७० मैल लिहिली जाते आणि प्रत्येक गावाचे अंतर मैलांत असते, तिथे ही एकटी पाटी किलोमीटर का बोलते, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. याचे कारण हा आकडा मुळात प्रवाशासाठी नव्हता. तो रस्ता बांधणाऱ्या आणि राखणाऱ्या अभियंत्यांचा आकडा आहे, आणि त्या व्यवसायाने मेट्रिक मापे केव्हाच स्वीकारली. रस्त्याच्या आरंभबिंदूपासून मोजलेले अंतर लिहून जागा ठरवायची, ही त्यांची पद्धत. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कागदांवर ‘सा.क्र.’ म्हणून जो साखळी क्रमांक लिहिलेला असतो तो हाच. ब्रिटिश रेल्वे तर आजही आपल्या पुलांच्या आणि फाटकांच्या जागा मैल आणि साखळ्यांत नोंदवते. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० च्या सुमारास रूढ केलेली ६६ फुटांची साखळी, अशा ८० साखळ्यांचा एक मैल. रस्त्यांवरची साखळी गेली आणि मीटर आले, पण जागा सांगण्याची रीत टिकली.

त्यामुळे हा आकडा दुसऱ्या कशाशी ताडून पाहू नये. तो पुढच्या शहराचे अंतर दाखवत नाही. तो जंक्शनचा क्रमांकही नव्हे. जंक्शनचा क्रमांक मोठ्या फलकाच्या कोपऱ्यात काळ्या चौकटीत पांढऱ्या अंकात असतो. आरंभबिंदू, म्हणजे शून्य, नेमके कुठे धरले आहे हेही प्रवाशाला माहीत असायला नको. त्या रस्त्यावर त्या आकड्याची एकच जागा आहे आणि ती नियंत्रण कक्षाच्या नकाशावर आहे, एवढे पुरे.

पाटी न वाचता अंदाजाने पत्ता सांगितला तर काय होते? एम १ वर वॉटफर्ड गॅप नावाचे प्रसिद्ध विश्रांतिस्थान आहे. एम १ चा पहिला मोठा टप्पा २ नोव्हेंबर १९५९ रोजी खुला झाला त्याच दिवशी तेही सुरू झाले. लंडनला खेटून असलेल्या वॉटफर्ड शहराशी त्याचा काही संबंध नाही. ते सुमारे ९० किलोमीटर उत्तरेला, नॉर्दम्प्टनशरमध्ये, त्याच नावाच्या एका खेड्याजवळ आहे. वॉटफर्ड शहरही एम १ च्या काठावरच. आता एखाद्या माणसाने फलकावर वॉटफर्ड हे नाव ओझरते वाचले आणि फोनवर ‘एम वन, निअर वॉटफर्ड’ एवढेच सांगितले, तर ऐकणाऱ्यापुढे दोन जागा उभ्या राहतात आणि त्यांच्यात सुमारे तासाभराचे अंतर. न्यूपोर्टचेही तसेच. न्यूपोर्ट पॅग्नेल एम १ वर मिल्टन कीन्सजवळ, न्यूपोर्ट शहर एम ४ वर वेल्समध्ये. गावांची नावे इंग्लंडात इतक्या ठिकाणी पुन्हा पुन्हा येतात की तिथे जन्मलेल्या माणसानेही नुसत्या नावावर विसंबू नये.

‘जंक्शन दहा आणि अकराच्या मध्ये’ हे उत्तर त्यापेक्षा बरे, पण पुरेसे नाही. दोन जंक्शनांमध्ये अनेक मैल असू शकतात, आणि वाहिनी सांगितली नसेल तर शोध दुप्पट. पोलीस किंवा रुग्णवाहिका चुकीच्या वाहिनीवर आली तर तिला जखमी माणूस दुभाजकापलीकडे समोर दिसत असला तरी पुढच्या जंक्शनपर्यंत जावे लागते, तिथून उलट फिरावे लागते आणि अपघाताने तुंबलेल्या रांगेतून वाट काढावी लागते. अपघातातल्या माणसासाठी त्या मिनिटांचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको.

नेमका आकडा मिळाला की नियंत्रण कक्षात काम लगेच सुरू होते. त्या जागेजवळचा कॅमेरा वळवून गाडी पाहिली जाते. तिच्या मागच्या कमानींवर वेग कमी करण्याचे आकडे उजळतात. गाडी चालत्या पदरात अडकली असेल तर त्या पदरावर लाल फुली लागते, म्हणजे तो पदर बंद. लाल फुलीखालून गाडी हाकणे हा गुन्हा आहे. ही फुली योग्य ठिकाणी, योग्य वाहिनीवर लागली तर मागून ताशी ११२ किलोमीटरने येणारी वाहने बाजूला सरतात. हार्ड शोल्डर, म्हणजे कडेची राखीव पट्टी, काढून तिचाही चालता पदर केलेल्या ‘स्मार्ट मोटरवे’वर हे फार महत्त्वाचे. २००६ मध्ये एम ४२ वर या प्रकाराचा प्रयोग सुरू झाला. पुढे त्याच्या सुरक्षिततेबद्दल लोकांचा विश्वास इतका डळमळला की एप्रिल २०२३ मध्ये सरकारने नवे स्मार्ट मोटरवे रद्द केले. जे आधीच बांधले गेले ते मात्र वापरात आहेत. तिथे ठरावीक अंतरावर नारिंगी रंगाचे थांबे असतात आणि आपत्कालीन फोनही त्या थांब्यांतच.

दोन निळ्या पाट्यांच्या मध्ये गाडी थांबली तर घाबरून जाऊ नये. डाव्या कडेला दर १०० मीटरला बुटके खांब असतात, त्यांना मार्कर पोस्ट म्हणतात. त्यांच्यावरही तोच किलोमीटरचा आकडा, त्याच पद्धतीने. खांब शंभर मीटरला असल्याने जवळचा खांब जास्तीत जास्त पन्नास मीटरवर असणार. शिवाय त्यावर फोनचे छोटे चित्र आणि बाण असेल तर तो बाण जवळच्या आपत्कालीन फोनकडे नेतो. उलट दिशेला चालत निघालेला माणूस जवळचा फोन सोडून लांबच्या फोनकडे जातो, म्हणून आधी बाण पाहावा. खांबावर वाहिनीचे अक्षर नसेल तर दिशा शब्दांत सांगावी: लंडनकडे जाणारी बाजू, उत्तरेकडे जाणारी बाजू, एम २५ वर घड्याळाच्या दिशेची बाजू.

हे सगळे वाचण्याआधी जीव सांभाळायचा, आणि इथे भारतातल्या काही सवयी विसराव्या लागतात. शक्य असेल तर गाडी पुढच्या जंक्शनवरून बाहेर काढावी किंवा विश्रांतिस्थानापर्यंत न्यावी. नसेल तर नारिंगी थांब्यात किंवा हार्ड शोल्डरवर शक्य तितकी डावीकडे घ्यावी. चारही इंडिकेटर लावावेत. सगळ्यांनी डाव्या दारांनी उतरावे. ब्रिटिश गाडीत चालक उजवीकडे बसतो, म्हणजे त्याचे दार वाहत्या रहदारीकडे उघडते. त्याने ते न उघडता डावीकडे सरकून उतरावे. मग कठड्यामागे जावे आणि तिथेच थांबावे, पावसात भिजावे लागले तरी. गाडीत बसून राहणे उबदार वाटते, पण थांबलेल्या गाडीला मागून धडक बसण्याचा धोका खरा आहे. बॉनेट उघडून खटपट करू नये, चाकही बदलू नये.

आणि त्रिकोण लावू नये. भारतात लाल त्रिकोण गाडीत असणे आवश्यक मानले जाते, आणि तो नसेल तर ट्रकवाले मागे दगड आणि झाडाच्या फांद्या मांडतात. ब्रिटनच्या इतर रस्त्यांवर त्रिकोण चालतो. मोटरवेवर मात्र ‘हायवे कोड’ ही तिथली वाहतूक नियमांची पुस्तिका तो लावू नका असे स्पष्ट सांगते, कारण तो मांडायला चालत मागे जाणे हेच सगळ्यात धोक्याचे.

गाडी चालत्या पदरातच बंद पडली आणि उतरणे सुरक्षित नसेल, तर पट्टा बांधून आत बसावे, चारही इंडिकेटर लावावेत आणि ताबडतोब ९९९ ला फोन करावा. कोणी जखमी असेल, आग असेल, जिवाला धोका असेल तरीही ९९९. गाडी कडेला सुरक्षित उभी आहे, सगळे कठड्यामागे आहेत, फक्त मदत हवी आहे, अशा वेळी नॅशनल हायवेज या संस्थेचा ०३०० १२३ ५००० हा चोवीस तास चालणारा क्रमांक. पूर्वी हायवेज एजन्सी आणि मग २०१५ पासून हायवेज इंग्लंड म्हणून ओळखली जाणारी संस्था हीच, २०२१ पासून तिचे नाव बदलले. ब्रेकडाउन विमा असेल तर त्या कंपनीलाही हाच पाटीवरचा पत्ता द्यायचा.

९९९ वर पहिला माणूस पोलीस, अग्निशमन की रुग्णवाहिका एवढेच विचारतो आणि फोन पुढे जोडतो. पत्ता सांगायचा तो पुढच्या माणसाला. इथे मराठी माणसाच्या इंग्रजीला एक अडचण येते, आणि ती शिक्षणाची नाही, आवाजाची आहे. शेजारून ट्रक गर्जत चाललेले असताना ए, जे आणि के ही तीन अक्षरे अगदी सारखी ऐकू येतात, तिन्हींच्या शेवटी तोच ‘ए’. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ तर शांत खोलीतही घोटाळा करतात. म्हणून आकडा पूर्ण न वाचता एक एक अंक सुटा वाचावा आणि अक्षराला शब्द जोडावा. पाटीवर एम २५, ए, ७८.५ असेल तर ‘मोटरवे एम टू फाइव्ह, लेटर ए, आल्फा, सेव्हन एट पॉइंट फाइव्ह’. बी साठी ब्राव्हो, जे साठी ज्युलिएट, के साठी किलो, एल साठी लिमा आणि एम साठी माइक. हे ऐन वेळी आठवले नाहीत तर ‘ए फॉर ॲपल’, ‘बी फॉर बॉल’ही चालते, शाळेतले ते पाठांतर समोरच्याला नीट कळते. मग समोरचा तो पत्ता परत वाचून दाखवील, तेव्हा ऐकून घ्यावे आणि चूक असेल तर निःसंकोच थांबवावे. सभ्यपणाने ‘यस, यस’ म्हणत राहणे इथे महागात पडते.

नारिंगी पेटीतला फोन जवळ असेल तर मोबाइलपेक्षा तोच बरा. तिथे जागा आपोआप कळते, बॅटरी संपण्याचा प्रश्न नाही आणि रेंजचाही नाही. बोलताना तोंड येणाऱ्या रहदारीकडे असावे, म्हणजे काही अंगावर येत असेल तर दिसते.

आता स्मार्टफोन स्वतःच जागा कळवतो ना, असे कोणी म्हणेल. कळवतो, आणि त्याचा उपयोगही होतो. ब्रिटनमध्ये २०१४ पासून मोबाइलवरून ९९९ लावल्यावर फोनने आपले स्थान आपोआप पाठवण्याची सोय विकसित होत गेली. पण दोन वाहिन्यांमधले अंतर काही मीटरचे, आणि फोनच्या अंदाजात तेवढी चूक सहज असते. बिंदू रस्त्यावर पडला तरी गाडी कोणत्या तोंडाने आहे हे तो सांगेलच असे नाही. तीन इंग्रजी शब्दांत जागा सांगणारे व्हॉट थ्री वर्ड्स हे ॲपही पुष्कळांच्या फोनमध्ये असते. डोंगरात, शेतात, जिथे काहीच खूण नाही तिथे त्याचा आधार मोठा. तरीही उच्चार किंवा स्पेलिंग थोडे चुकले की जागा भलतीकडेच जाते, आणि इंग्लंड-वेल्समधल्या डोंगरी बचाव पथकांनी २०२१ मध्ये अशा चुकीच्या पत्त्यांबद्दल जाहीरपणे सांगितले होते. मोटरवेवर डोळ्यांसमोर पाटी असताना आधी पाटी वाचावी, ॲप नंतर.

पाटीचा आणखी एक उपयोग आहे, तो स्वतःची गाडी ठणठणीत असतानाचा. रस्त्यात पडलेली शिडी, फुटलेल्या टायरचा तुकडा, कठड्याबाहेर आलेला कुत्रा किंवा चालत निघालेला माणूस दिसला तर ते कळवणे हे पुढच्या शेकडो वाहनांवरचे उपकार आहेत. ताशी ७० मैल वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ३१ मीटर जाते, म्हणजे दोन निळ्या पाट्यांच्या मधले अंतर १६ सेकंदांत. चालकाने आकडा लक्षात ठेवायच्या भरीस पडू नये. शेजारी बसलेल्याने अडथळ्यानंतरची पहिली पाटी मोठ्याने वाचावी आणि फोन करावा. ब्रिटनमध्ये चालवताना फोन हातात धरण्याला २०० पौंड दंड आणि परवान्यावर ६ गुण अशी शिक्षा आहे. थांबणे शक्य नसताना खऱ्या आणीबाणीत ९९९ लावणे हा अपवाद. गाडीत चालक एकटाच असेल तर त्याने आकडा मनात घोळवत पुढच्या विश्रांतिस्थानावर थांबून कळवावे. तिथवर किती किलोमीटर आलो हे दोन पाट्यांच्या वजाबाकीने कळतेच.

उन्हाळ्यात आईवडील भारतातून येतात आणि मुलगा किंवा मुलगी त्यांना घेऊन लांबच्या सहलीला निघते. चालवणाऱ्याचीच तब्येत बिघडली, तर फोन लावायची वेळ मागे बसलेल्या आजी-आजोबांवर किंवा आठ-दहा वर्षांच्या नातवंडावर येते. म्हणून पाटी सगळ्यांना दाखवून ठेवावी. हीथ्रोहून घरी येताना मुलांना पाट्या वाचायला लावल्या तर ती खेळता खेळता ए आणि बी शिकतात, आणि आकडे चढताहेत की उतरताहेत यावरून वाहिनी ओळखू लागतात. आजी-आजोबांना ९९९ पाठ करायला लावण्याची गरज नाही. भारतात आता सगळ्या आणीबाणीसाठी असलेला ११२ हा क्रमांक ब्रिटनमध्येही तसाच चालतो आणि ९९९ च्याच ठिकाणी लागतो. त्यांना एवढेच सांगावे की आधी ‘पोलीस’ किंवा ‘ॲम्ब्युलन्स’ म्हणायचे आणि मग निळ्या पाटीवर जे आहे ते वरून खाली वाचायचे.

इंग्लंडची हद्द ओलांडल्यावर थोडा फरक पडतो. निळ्या पाट्या आणि ०३०० चा तो क्रमांक ही इंग्लंडच्या मोटरवेंची आणि नॅशनल हायवेजकडे असलेल्या काही मोठ्या ए रस्त्यांची व्यवस्था आहे. स्कॉटलंड आणि वेल्समधले मोठे रस्ते तिथल्या सरकारांच्या अखत्यारीत येतात. एडिंबरोला किंवा कार्डिफला निघालेल्यांनी तिथे निळी पाटी शोधत बसू नये. कडेच्या मार्कर पोस्टवरचा आकडा, मागे गेलेल्या जंक्शनचा क्रमांक आणि कोणत्या शहराकडे तोंड आहे, हे तिन्ही एकत्र सांगावे. ९९९ आणि ११२ तिथेही तेच.